नेव्हीवाल्या काकांसाठी रविवारी जमायचंय

नमस्कार मंडळी, आपले नेव्हीवाले काका गेले हे सगळ्यांना कळलंच आहे, तर येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या हॉलमध्ये त्यांच्या आठवणीसाठी जमतोय, प्लीज वेळेवर या, काकांना उशीर अजिबात चालायचा नाही.

सुरुवातीला घंटेचे ८ टोल देऊ. जहाजावर साधारण ४ तासांची वॉच, म्हणजे ड्युटीची पाळी असते, दर अर्ध्या तासाला एकेक टोल वाढत जातो आणि ८ झाले की त्या माणसाची ड्युटी संपली, म्हणून नौसैनिक गेला की त्याला ८ टोल देऊन निरोप देतात. घरच्यांचीही तीच इच्छा आहे.

काकांनी आपल्या पोरांना बोलाइन गाठ शिकवली होती, कितीही ताण आला तरी फास सरकत नाही ती. ज्यांना येते त्यांनी छोट्यांना दाखवा, दोऱ्या आम्ही आणतो.

हार-फुलं नकोत. फोटो शुक्रवारपर्यंत पाठवा, आठवणी स्वतःच्या शब्दांत, दोन ओळी पण चालतील. आणि रक्तदात्यांची यादी इतकी वर्षं ते एकटेच सांभाळायचे, फोन करून करून लोकांना आणायचे, ती आता कोण घेणार ते त्याच दिवशी ठरवू, तयार असाल तर आधीच कळवा.