ड्रेसिंग रूममधल्या सिस्टरांना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. तुमच्या कामाबद्दल मात्र कुणी नीट बोललं नाही, म्हणून हे पत्र.

सिझेरियनच्या बाईला उठायचं कसं, हे तुम्ही शिकवलंत. गुडघे वाकवायचे, कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, मग हाताच्या रेट्यावर बसायचं. खोकला आला की उशी टाक्यांवर दाबून धरायची.

‘टाके सुकले’ हे शब्द तुम्हाला चालायचे नाहीत, ते बरोबरच होतं. वरची कातडी आठ-दहा दिवसांत मिटते, आतले थर आणि गर्भाशयाचा टाका तेव्हा कच्चाच असतो. तीन महिन्यांनीही व्रणाची ताकद मूळ कातडीच्या ८० टक्क्यांपर्यंतच पोचते, पुढे फारशी वाढत नाही. तुम्ही आकडे सांगत बसला नाहीत. “सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, भरलेली बादलीसुद्धा नाही,” एवढंच सांगायचात. सोबतच्या सासूबाईंनाही ते पटायचं.

पोटपट्टा घट्ट आवळून वर शेक-शेगडी घेतली, की पोटाच्या घडीखाली घाम साचतो आणि नेमका तिथेच टाका चिघळतो. म्हणून घडी उचलून कोरडी टिपायची आणि मऊ सुती कापड ठेवायचं. लाली पसरली, पू आला किंवा ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर हळद न लावता त्याच दिवशी यायचं. एकच पोटरी सुजून दुखू लागली तर तासभरही थांबायचं नाही, गुठळी असू शकते.

सहा आठवड्यांनी तुम्ही तिचीच दोन बोटं तिच्या व्रणावर ठेवायचात. थोडं खोबरेल, आधी वर-खाली, मग आडवं, मग गोल; पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, कातडी खालच्या थराला चिकटू नये म्हणून. बऱ्याच बायका त्या जागी हात लावायलाच घाबरतात. वरची पट्टी बधिर लागते, कारण बारीक मज्जातंतू कापले गेलेले असतात. ते जुळायला महिने लागतात. व्रण मूळ रेषेबाहेर पसरून खाजू लागला तर मात्र चोळायचं नाही, दाखवायला यायचं.

आणि माहेरची बॅग भरायच्या आत तुमचा प्रश्न ठरलेला: “पुढचं काय ठरवलंय गं?” शकुंतला परांजप्यांनी ज्या पुण्यात संततिनियमनाचं काम केलं, तिथे आजही हा प्रश्न दबक्या आवाजात विचारतात. तुम्ही नवऱ्यादेखत विचारायचात. पाळी यायच्या आधी बीज सुटतं, म्हणून ‘पाळी आली नाही, मग दिवस कसे राहतील’ हा हिशेब फसतो. वरच्या दुधावर बाळ असेल तर चौथ्या आठवड्यातही दिवस राहू शकतात. अंगावर पाजण्याचा भरवसा धरायचा तर तीन अटी एकदम पाळाव्या लागतात: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि दिवसरात्र फक्त आईचं दूध. एक अट सुटली की भरवसा संपला. त्यात गर्भाशयावर ताजा टाका असताना लगेच दिवस राहिले, तर पुढच्या कळांत तो उकलण्याचा धोका वाढतो.

तांबी (गर्भनिरोधक कॉपर-टी) सिझेरियनमध्येच, वार पडल्यावर दहा मिनिटांत बसवता येते, हे तुम्ही आधीच सांगून ठेवायचात. तिचा दोरा पहिल्या तपासणीत दिसला नाही म्हणजे तांबी पडली असं नाही. तो वर गुंडाळलेला असू शकतो, सोनोग्राफीत कळतं. पाजणाऱ्या आईला ‘अंतरा’चं गर्भनिरोधक इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर, मग दर तीन महिन्यांनी. त्यानं पाळी थांबली तर रक्त आत साठत नाही, अस्तरच पातळ राहतं. नवऱ्याची नसबंदी झाली तरी तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्यतपासणी करायची. हे सांगताना तुमचा आवाज जरा चढायचाच.

‘छाया’ या गर्भनिरोधक गोळीच्या रविवार-बुधवारवर तुम्ही लाल खुणा केलेलं कॅलेंडर अजून तिथेच भिंतीवर आहे. पहिले तीन महिने आठवड्याला दोन खुणा, मग फक्त रविवारची. नव्या सिस्टर त्यावरच बोट ठेवून समजावतात.

तुमचे,
प्रसूती वॉर्डातले डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक
पुणे