थेंबाच्या प्रयोगासाठी हाय-स्पीड कॅमेरा हवाय, जमेल ती मदत करा

नमस्कार मंडळी, आपल्या विज्ञान मंडळातल्या मुलांनी पाण्यात थेंब पडतो तेव्हा नेमकं काय होतं हे मोजायला घेतलंय आणि आता सगळं कॅमेऱ्यापाशी अडलंय म्हणून हे आवाहन.

मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम मिळतात, ऐकायला भरपूर वाटतं, पण २० सेंटीमीटरवरून सोडलेला थेंब खाली येईपर्यंत सेकंदाला जवळपास २ मीटर वेग घेतो, म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये तो ८ मिलिमीटर पुढे गेलेला असतो, स्वतःच्या जाडीच्या दुप्पट तरी! एका फ्रेममध्ये थेंब हवेत आणि पुढच्यात पाण्याचा मुकुट, म्हणजे थेंब आदळल्यावर गोलाकार वर उसळणारं पाणी, उठायला लागलेला. त्या मुकुटाची कड फुटून बारीक थेंब कसे सुटतात तेच तर मुलांना बघायचंय. ५००० फ्रेमचा कॅमेरा असेल तर तेच अंतर ०.४ मिलिमीटरवर येतं.

वर्दिंग्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात अंधारात विजेच्या ठिणगीच्या उजेडात हेच बघितलं होतं, आधी हाताने चित्रं काढली त्यात मुकुट छान सारखा यायचा, नंतर फोटो निघाले तर तो चांगलाच वेडावाकडा. पण त्याला दर फोटोला नवा थेंब सोडावा लागायचा. आपल्याला एकच थेंब सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघता येईल, हे मला फार मोठं वाटतं.

तर कोणाकडे, कोणाच्या कॉलेजात किंवा कंपनीत असा कॅमेरा पडून असेल तर दोन-तीन आठवडे वापरायला द्या, तुमचा माणूस सोबत बसला तरी हरकत नाही, उलट बरंच. मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक वस्तू अगदी जवळून मोठी दाखवणारी लेन्स, असेल तर सोन्याहून पिवळं.

आणि लाइट! याकडे कोणाचं लक्ष जात नाही. शटर सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतकंच उघडं राहिलं की चित्र काळंकुट्ट येतं, आणि घरातले बरेच दिवे सतत लुकलुकत असतात ते एरवी कळत नाही पण इथे प्रत्येक फ्रेमचा उजेड वेगळा दिसतो. म्हणून बॅटरीवर चालणारे, न लुकलुकणारे जोरदार एलईडी हवेत. मोठी हार्ड डिस्कही लागेल.

पैसे देणाऱ्यांनी खजिनदारांकडे द्यावेत, पावती मिळेल. व्हिडिओतून वेग मोजायचं सॉफ्टवेअर येणारं कोणी असेल तर प्लीज ग्रुपवर मेसेज टाका, सध्या मुलं पट्टी लावून एकेक फ्रेम मोजतायत.