आधी उठवलं जाणार नाही ही खात्री हवी

प्रिय मन्या,

तुझा मेसेज वाचल्यापासून तेच डोक्यात आहे. भिंतीला ओल आलीये, पोराचा खोकला हटत नाहीये, आणि तरी मालकाला काही बोलायचं नाही, कारण करार संपत आलाय आणि बोललास तर तो रिन्यू करणार नाही. अरे, सगळ्याचं मूळ इथेच आहे. दुरुस्ती करून घ्यायचा हक्क आहे, डिपॉझिट परत मिळायचा हक्क आहे, सगळं कागदावर आहे, पण हक्क मागितला की घर जाणार असेल तर मागणार कोण? म्हणून भाडं किती यापेक्षाही, कारण न देता उठवता येतं का, हा प्रश्न मला मोठा वाटतो. जर्मनीत करार साधारणपणे बिनमुदतीचाच असतो, घर खाली करून घ्यायचं तर मालकाला कायद्यात बसणारं कारण द्यावं लागतं, आणि घर विकलं तरी भाडेकरू हलत नाही, नवा मालक जुन्या करारासकटच ते घेतो.

भाड्यावर बंधन आलं की मालक डागडुजी सोडून देतात, असं तू म्हणालास. त्यात तथ्य आहे. भाडं वर्षानुवर्षं गोठवून ठेवलं तर इमारत खचते आणि खाली सापडतात ते भाडेकरूच. महागाई बघून दरवर्षी थोडं वाढू द्यावं, हे मलाही मान्य. पण पळवाट ठेवली ना की सगळं वाया जातं. न्यूयॉर्कमध्ये सुमारे दहा लाख घरांची भाडेवाढ एक मंडळ ठरवतं, तरी बरीच वर्षं असं होतं की भाडेकरू निघून गेला की भाडं एकदम चढवता यायचं आणि ते ठराविक रकमेच्या वर गेलं की घर नियमातूनच बाहेर! मग जुन्या भाडेकरूला छळून घालवण्यातच फायदा ना. २०१९ साली ते बंद केलं. त्याआधी २०१७ मध्ये, घर खाली करायच्या केसमध्ये गरीब भाडेकरूला फुकट वकील द्यायचा कायदा झाला होता, आणि मला तर तोच जास्त मोलाचा वाटतो, कारण कोर्टात मालकाच्या बाजूने वकील उभा आणि भाडेकरू एकटा, अशी अवस्था होती.

आणि जी स्वस्त घरं आहेत ती आधी टिकवा रे, नवी बांधा पण असलेली घालवू नका. बर्लिनने २००४ साली पैशांच्या अडचणीत साठ हजारांहून जास्त घरं असलेली स्वतःची हाउसिंग कंपनी विकून टाकली. पुढे भाडी भडकली, २०२० मध्ये भाडं गोठवायचा कायदा आणला, तो २०२१ मध्ये घटना कोर्टाने रद्द केला, कारण बर्लिन हे शहर म्हणजेच एक राज्य, आणि असा कायदा करायचा अधिकार राज्याला नव्हताच. व्हिएन्नाने १९२३ पासून घरांवर कर लावून, आलिशान घरांना जास्त, त्या पैशातून हजारो घरं बांधली आणि ती विकली नाहीत. आजही दोन लाखांवर घरं महापालिकेच्या मालकीची आहेत.

तू एकटा भांडायला जाऊ नकोस. १९१५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत पहिल्या महायुद्धामुळे कामगारांची गर्दी झाली, मालकांनी भाडी वाढवली, तेव्हा मेरी बार्बर आणि शेजारपाजारच्या बायकांनी वाढीव भाडं द्यायचं नाही असं ठरवलं, जप्तीवाले आले की सगळ्या मिळून दारात उभ्या राहायच्या, आणि वर्ष संपायच्या आत सरकारला भाडी युद्धाआधीच्या पातळीवर आणणारा कायदा करावा लागला.

पण म्हणून तू भाडं थांबवू नकोस हं! ते वेळेवर आणि बँकेतूनच दे, थकलं की तेच तुझ्याविरुद्ध कारण होईल. ओलीचे फोटो तारखेसकट काढ, मालकाला फोन नको, लेखी कळव. घर सोडतो असं लिहिलेल्या कुठल्याही कागदावर घाईने सही करू नकोस. वरच्या-खालच्या मजल्यावर विचार, त्यांच्याकडेही ओल असणारच, मग अर्ज सगळ्यांच्या सह्यांनी जाऊ दे. कराराची कॉपी मला पाठव, नोटीस आणि रिन्यूअलची कलमं आपण फोनवर बसून नीट वाचू.

तुझी,
सुमी