दोन साहेब असलेल्या कर्मचाऱ्यांच्या प्रगती अहवालाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

महोदय,

आपले सॉफ्टवेअर आमच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत गेल्या वर्षापासून वापरात आहे. हजेरी आणि पगारपत्रक व्यवस्थित चालते. तक्रार प्रगती अहवालाची आहे.

आमचे क्यूसीचे, म्हणजे गुणवत्ता तपासणीचे, लोक मशीन शॉपमध्ये बसतात. त्यांची शिफ्ट, रजा, ओव्हरटाइम उत्पादन व्यवस्थापक बघतात. कुठले कास्टिंग (ओतीव भाग) पास करायचे, कुठले रिजेक्ट, ते गुणवत्ता प्रमुखांच्या निकषांवर ठरते. आपल्या सॉफ्टवेअरला मात्र एकच साहेब कळतो. 'दुसरा व्यवस्थापक' असा रकाना आहे खरा, पण त्यात भरलेले नाव फक्त कोण कुणाच्या हाताखाली हे दाखवणाऱ्या तक्त्यात तुटक रेषेने दिसते. त्या दुसऱ्या व्यवस्थापकाला अहवाल काही उघडत नाही. डेमोच्या वेळी आपल्या प्रतिनिधींनी हाच रकाना दाखवून दोन साहेब चालतील असे सांगितले होते.

याचा फटका माणसाला बसतो. ब्लोहोल (वायूमुळे कास्टिंगमध्ये पडलेली पोकळी) सापडले म्हणून क्यूसीवाल्याने लॉट अडवला की त्या दिवसाचे उत्पादन घसरते. मग त्याच्या अहवालात उत्पादन व्यवस्थापकांचा 'सहकार्य कमी' असा शेरा पडतो, आणि ज्यांच्या निकषांवर त्याने लॉट अडवला त्या गुणवत्ता प्रमुखांना तो शेरा दिसतच नाही. उद्या त्याने डोळेझाक केली तर दोष कुणाला द्यायचा? ज्याचा माल अडवायचा, त्यानेच एकट्याने गुण द्यायचे, ही पद्धत आयएसओ ९००१ या गुणवत्ता मानकाच्या ऑडिटरसमोर मांडायला आम्हाला तोंड नाही.

हेल्पलाइनच्या सल्ल्याने आम्ही काही दिवस व्यवस्थापकाचे नाव बदलून पाहिले, तेही नेमके गणपतीच्या तोंडावर. खानापूर, चंदगडकडच्या मुलांचे रजेचे अर्ज गुणवत्ता प्रमुखांकडे जाऊन पडले आणि उत्पादन व्यवस्थापकांना स्वतःचे जुने शेरेही दिसेनात. पुढचा सल्ला ॲडमिनचे अधिकार द्या असा होता. त्याने सगळ्यांचे पगार उघडे पडतात, म्हणून आम्ही नकार दिला. शेवटी पासवर्ड वाटून घ्या असेही फोनवर ऐकले. मग कुठला शेरा कुणी लिहिला, हे कसे कळणार? हे लेखी द्या म्हटल्यावर मात्र उत्तर आले नाही.

आमची मागणी मोठी नाही. दुसऱ्या व्यवस्थापकाला त्याच्या माणसांचा अहवाल वाचता यावा आणि स्वतःच्या नावाने वेगळा शेरा लिहिता यावा. पगाराची माहिती त्याला दिसू नये. रजेचे अर्ज पहिल्याकडेच जावेत. माणूस दुसऱ्या विभागात गेला की नव्या साहेबाचा हक्क त्या तारखेपासून सुरू व्हावा, जुन्याचे शेरे मात्र पुसले जाऊ नयेत. आपला अहवाल कोणकोण बघू शकते, हे कर्मचाऱ्यालाही दिसावे.

आमचे वार्षिक मूल्यांकन मार्चमध्ये सुरू होते आणि नूतनीकरणाचे बिलही तेव्हाच येते. त्याआधी ही सोय करून द्यावी, किंवा ती होणार नसल्यास तसे लेखी कळवावे. नाहीतर यंदाचे मूल्यांकन आम्ही कागदावर करू आणि बिलातून त्या भागाची रक्कम वजा करूनच पैसे भरू. डेमोनंतर आलेला आपला ईमेल सोबत जोडला आहे.

आपली विश्वासू,
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
उद्यमबाग, बेळगाव