दिंडोरीचा पोरगा, लॅपटॉपवरचा मांडव

नाशिक,
शनिवार, रात्री उशिरा

प्रिय सच्या,

फोनवर ‘सध्या शेतीचा गेम खेळतोय’ म्हटलं तर तू खो-खो हसलास. दिंडोरीच्या बागायतदाराचा पोरगा बागेत जायला कुरकुर करतो आणि लॅपटॉपवर कुदळ मारतो, हे तुला पचलं नाही. म्हणून हे सविस्तर.

गेम म्हणजे स्टारड्यू व्हॅली. २०१६चा. एरिक बॅरोन नावाच्या बाबाने चित्रं, संगीत, कोड सगळं एकट्याने चार-साडेचार वर्षं खपून केलं. आजोबांचं ओसाड शेत नावावर होतं, कुदळ-झारी घ्यायची आणि लागायचं कामाला. ऋतू चार, प्रत्येक २८ दिवसांचा. शरद लागला की पिएरच्या दुकानातून ६० नाण्यांना द्राक्षाचं रोप. दहाव्या दिवशी माल तयार, मग दर तिसऱ्या दिवशी तोडा! ना एप्रिलची खरड छाटणी, ना ऑक्टोबरची गोडी छाटणी, ना मण्यांची विरळणी. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर चार महिने जीव टांगणीला, ते यांना ठाऊकच नाही. मात्र हिवाळा लागला की वेल खलास. आपल्याकडे दहा-पंधरा वर्षं उभी राहणारी बाग इथे एका रात्रीत काडी होते, ते बघून पोटात गोळा येतो.

एक गोष्ट मात्र पठ्ठ्याने बरोबर पकडलीय. मांडवाच्या वेलीतून चालत जाता येत नाही. ओळींमध्ये वाट सोडावी लागते. नवखा माणूस मोठा चौकोन गच्च भरून लावतो आणि मधल्या घडांकडे लांबूनच बघत बसतो. मी वाट सवयीनेच सोडली होती.

परवा दादा मागे येऊन उभे राहिले. स्क्रीनवर धो-धो पाऊस.

“घडात पाणी साचलं असंल. डाऊनीची बुरशी?”

“येत नाही. उलट झारी वाचते.”

“आन् भाव?”

“८० नाणी. माल चांगल्या प्रतीचा असला तर थोडा जास्त.”

“पडत नाही कधी?”

“कितीही माल टाका, पडत नाही.”

दादांनी खुर्ची ओढली आणि रात्री अकरापर्यंत बसले. मधेच पिंपात टाकलेल्या द्राक्षांची वाइन झाली, तिप्पट किमतीची, २४० नाणी. “व्यापाऱ्याची कटकटच नाय,” एवढंच बोलले.

मला विचारशील तर गेमची खरी नशा तिथेच आहे. तोडा केला, विक्रीच्या पेटीत टाकला, सकाळी पैसे जमा. हिशोबाची पट्टी नाही, उधारी नाही, बुडवून पळणारा व्यापारी नाही. ज्याने कधी बाजारभाव बघून झोप घालवली नाही, त्याला यातली मजा अर्धीच कळेल असं माझं मत आहे. तुझ्या बंगळुरूच्या दोस्तांना तो नुसता गोड गेम वाटतो, वाटू दे.

मधे ‘राजी’ नावाचा गेमपण संपवला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा, २०२०चा. राक्षसांनी भावाला पळवलंय आणि ही राजी नावाची पोर त्रिशूळ घेऊन शोधायला निघते. गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू. भिंतींवरची चित्रं बघायला मी लढाया सोडून थांबायचो. मारामारी ठीकठाक, कॅमेरा कधी कधी डोकं फिरवतो आणि शेवट असा तुटतो की वाटलं लाइट गेली. तरी घे, सेलमध्ये.

आधी स्टारड्यू मात्र उतरवून ठेव. एकाच शेतावर दोघांना खेळता येतं. कोठारातली गुरं तुझी, द्राक्षांना हात लावायचा नाही. पुढच्या शनिवारी नऊनंतर ये. दादाही बसणार आहेत, तेव्हा शिव्या जरा जपून.

तुझाच,
बाळ्या