बाबांना शब्द सापडताना

प्रिय मित्रा,

खूप दिवसांनी लिहितोय, रागावू नकोस. तुझे मेसेज येतात, मी अंगठा टाकून मोकळा होतो आणि मग रात्री वाटत राहतं की अरे, बोलायचं तर किती होतं. आज बसलोच.

सकाळी फोन हातात घेतला की युद्ध, आरोप, महागाई, सगळं एकामागून एक येऊन आदळतं, अंथरुणातच जीव शिणतो आणि संध्याकाळपर्यंत त्यातलं एकही धड आठवत नाही. एक बातमी मात्र २०२४ पासून डोक्यातून गेलेली नाही. व्हॉयेजर १ या नासाच्या अंतराळयानाची. १९७७ च्या सप्टेंबरात सोडलेलं ते यान, १४ नोव्हेंबर २०२३ पासून नीट बोलेनासं झालं होतं. म्हणजे सिग्नल येत होता, पण त्यातून काही अर्थच लागत नव्हता. पाच महिने! त्यातला एक कॉम्प्युटर माहिती जुळवून पृथ्वीकडे पाठवायला तयार करतो, त्याच्या मेमरीतली एक चिप गेली होती आणि तिच्यात प्रोग्रॅमचा काही भाग होता. चिप तर बदलता येणार नाही, यान चोवीसशे कोटी किलोमीटरवर. मग नासाच्या लोकांनी तो प्रोग्रॅम दुसरीकडे हलवायचं ठरवलं, पण अख्खा मावेल अशी एकही जागा नव्हती, म्हणून त्याचे तुकडे केले आणि जिथे जिथे रिकामी जागा होती तिथे बसवले. १८ एप्रिलला पहिला तुकडा हलवायचा आदेश गेला. पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. २० तारखेला उत्तर आलं.

तुला हे का सांगतोय ते कळलं असेलच. बाबांना मेंदूचा झटका आला ते तुला माहितीये, पण पुढचं मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. आवाज आहे, समजतं सगळं, फक्त शब्द येत नाहीत. सुरुवातीला मी काय करायचो, त्यांनी 'ते... ते...' केलं की पाणी? औषध? पंखा बंद करू? अशी सरबत्ती, आणि ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. मला वाटायचं मी मदत करतोय. स्पीच थेरपिस्टनी एक दिवस मला बाहेर नेऊन सांगितलं, प्रश्न एकच विचारा आणि गप्प बसा, मनात दहापर्यंत मोजा, लागलं तर परत मोजा, त्यांचा शब्द तुम्ही पुरा करू नका. नेहमीची वाट बंद झाली असेल तर मेंदूला दुसरी शोधायला वेळ लागतो.

परवा दुपारी ते म्हणाले, 'ते... काच...' मी गप्प. 'डोळ्याचं...' मी गप्प, खरं सांगतो, चष्मा समोर टेबलावर दिसत होता आणि जीभ चावून बसलो होतो. बऱ्याच वेळाने, हाताची बोटं दुमडत दुमडत, ते म्हणाले, 'चष्मा.' आणि माझ्याकडे असे बघायला लागले की मला तो उचलून द्यायचं सुचेचना.

गुणगुणणं मात्र त्यांचं शाबूत आहे. बोलताना अडणारे शब्द गाताना सलग येतात, बऱ्याच पेशंटचं असं होतं म्हणे. त्या यानावर एक सोनेरी तबकडी आहे, तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे मला लहानपणी बाबांनीच सांगितलेलं, छाती फुगवून, जणू रेकॉर्डिंगला स्वतः तंबोऱ्यावर बसले होते. आता मी त्यांना ती लावून देतो. डोळे मिटून ऐकतात.

यानाची वीज वर्षागणिक कमी होत चाललीये, २०२५ च्या फेब्रुवारीत त्याचं आणखी एक उपकरण बंद केलं. यान किती दिवस चालेल ते कोणी छातीठोक सांगत नाही. आमचे डॉक्टरही नाही सांगत, आणि मीही विचारायचं सोडलंय. पण २०२६ च्या नोव्हेंबरात यान एक प्रकाश-दिवस, म्हणजे प्रकाश एका दिवसात जातो तेवढं, लांब पोचेल, म्हणजे इथून हाक मारली की तिथे दुसऱ्या दिवशी ऐकू येणार. हे मी बाबांना सांगितलं. ते हसले.

तू फोन कर ना त्यांना, रविवारी दुपारी, तेव्हा ते ताजे असतात. नाव सांग आणि थांब. पलीकडून काहीच आलं नाही तरी 'हॅलो हॅलो' करू नकोस, लाईन कट झालेली नसेल, ते तुझं नाव शोधत असतील.

तुझाच