शिकागोहून आई-बाबांना

प्रिय आई, बाबा,

आई, दर रविवारी फोनवर तुझा पहिला प्रश्न ठरलेला, "मिस्साला गेलीस का?" गेले होते. अ‍ॅडम्स स्ट्रीटवरच्या सेंट पॅट्रिकमध्ये. घराजवळ चर्च असताना एवढ्या लांब कशाला, हा दुसरा प्रश्नही ठाऊक आहे. त्याचं उत्तर फोनवर मावत नाही.

बाबा, आधी तुमच्या कामाचं. 1833 मध्ये शिकागो म्हणजे नदीच्या मुखाशी साडेतीनशेएक माणसांची चिखलातली वस्ती. तिथल्या कॅथलिकांनी सेंट लुईसच्या बिशप रोसातींना लिहिलं, आम्ही शंभरेक जण आहोत, आम्हाला फादर द्या. म्हणजे चर्च नाही, फादर नाही, पण चर्चभोवती जमणाऱ्या लोकांचं धर्मग्राम तयार! बिशपांनी नुकतीच दीक्षा झालेल्या फादर सेंट सिर यांना पाठवलं. ते फ्रेंच, इंग्रजी कच्चं. त्याच वर्षी ऑगस्टिन टेलर यांनी सेंट मेरी चर्च बांधलं, सुमारे 25 बाय 35 फुटांचं. आपलं घर ओसरीसकट तेवढंच भरेल.

आता हसू नका. जाड खांब नाहीत, तुम्ही करता तसं खाच पाडून लाकडात लाकूड बसवणं नाही. गिरणीत कापलेल्या बारीक फळ्या जवळजवळ उभ्या करायच्या आणि खिळे ठोकत सुटायचं. जुन्या सुतारांनी नाकं मुरडली, फुग्यासारखं उडून जाईल म्हणाले. त्यावरूनच या पद्धतीला 'बलून फ्रेम' नाव पडलं, असं सांगतात. या पद्धतीच्या अगदी सुरुवातीच्या इमारतींत हे चर्च मोडतं. ते उडालं नाहीच, उलट अख्खं उचलून दुसऱ्या जागी नेलं, तेही एकदा नव्हे.

चर्चमधल्या पहिल्या मिस्साआधी इथल्या मूळच्या पोटावाटोमी जमातीच्या बायकांनी ते झाडून-पुसून दिलं म्हणे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांच्या लोकांकडून इथली जमीन सोडण्याच्या करारावर सह्या घेतल्या होत्या. तो झाडू काही माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढे गाव फुगत गेलं. कालवा खोदायला आयरिश आले, मायदेशी बटाट्याचं पीक कुजून दुष्काळ पडल्यावर आणखी आले. जर्मनही आले. 1846 या एका वर्षात आयरिशांसाठी सेंट पॅट्रिक, जर्मनांसाठी सेंट पीटर आणि सेंट जोसेफ. 1867 मध्ये पोलिश लोकांचं सेंट स्टॅनिस्लॉस कोस्टका. तोवर तीस वर्षांपूर्वीची चार हजारांची वस्ती लाखांत गेली होती.

मला हे आधी खटकलं. मिस्सा तर सगळीकडे लॅटिनमध्येच, मग भाषेगणिक चर्च कशाला? पण आजीचं आठवलं. लॅटिन जाऊन मराठी मिस्सा सुरू झाली तेव्हा ती म्हणाली होती ना, "आता कुठे मला कळायला लागलं, मी काय मागतेय ते." आणि मिस्सा लॅटिन असली तरी प्रवचन, पापनिवेदन, मयताला धावून येणारी माणसं आपल्याच भाषेतली लागतात. मी आठ वर्षं इथे ऑफिसात इंग्रजीत भांडते, पण पापनिवेदनाला गुडघे टेकले की अडखळते. पाप वसईच्या पोरीचं, शब्द परके.

घराजवळच्या चर्चमध्ये मिस्सा संपली की पाच मिनिटांत सगळे गाडीत. सेंट पॅट्रिकच्या पायऱ्यांवर माणसं रेंगाळतात, विचारपूस करतात. एवढंच कारण आहे, आई.

उन्हाळ्यात याल तेव्हा सेंट स्टॅनिस्लॉसही बघू. हायवेच्या आखणीत ते जाणार होतं, लोकांनी हटायचं नाकारलं, शेवटी रस्त्याला वळण द्यावं लागलं. बाबा, मापाची टेप आणा, पण सेंट पॅट्रिकच्या भिंती ठोकून बघू नका. धर्मग्राम 1846 चं असलं तरी या भिंती 1856 पासून उभ्या आहेत, शहर जाळणाऱ्या 1871 च्या आगीतूनही वाचल्या.

आई, सुके बोंबील नीट बांधून आण. मागच्या वेळी बॅगभर वास आला होता.

तुमची,
धाकटी